फादर, गावाचं नाव घ्या

गोव्यातल्या इगर्जींचे (चर्चेसचे) विगार, कोपेलांचे चापलेन आणि वाड्यावाड्यांवर खुरसाकडे (क्रुसापाशी) लादाईन, म्हणजे मेरीमातेच्या नावांची प्रार्थना, घालणारी सगळी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बार्देशातला. मराठी प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी करून आता घरी बसलोय. तुमच्या धर्माचा नाही, तेव्हा तुमच्या प्रार्थनेत काय असावं हे सांगायचा मला तसा अधिकार नाही. पण आमच्या पडवीतून वाड्यावरचा खुरीस दिसतो, त्याला दर मे महिन्यात चुना लागताना मी लहानपणापासून बघतोय, आणि लादाईन संपल्यावरचे चणे आजवर एकाही वर्षी चुकवलेले नाहीत. खाल्ल्या चण्यांना जागून हे पत्र लिहितोय असं समजा.

मागणं एकच आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण पत्राच्या शेवटी मुद्द्यावर यायची आम्हा मास्तरांना खोड असते. शांतीसाठी प्रार्थना करता तेव्हा 'सगळ्या संवसारांत (जगात) शांती' एवढ्यावर थांबू नका. एका गावाचं नाव घ्या. कुठलं गाव, कोण कोणाशी भांडतंय, कोण मेलं, कोण उपाशी आहे, हे एका वाक्यात सांगा आणि मग काय मागायचं ते मागा.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दिवसभर उकडून काढल्यावर संध्याकाळी नेमका लादाईनीच्या वेळी वारा सुटला. पोरांनी पाण्याच्या बाटल्या मधोमध कापून त्यांत मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या, तरी पुढच्या दोन विझल्याच. मी रिकामाच उभा होतो, म्हणून कोणीतरी माझ्या हातात एक पेटती मेणबत्ती दिली. तिच्यापुढे डावा पंजा आडवा धरून मी फणसाखाली उभा राहिलो. रेबेकवाल्यानं, म्हणजे व्हायोलिनवाल्यानं, तारा जुळवल्या, मेस्तानं (गाण्याच्या म्होरक्यानं) सूर धरला आणि लादाईन सुरू झाली. लातीन मला कळत नाही. म्हणणाऱ्यांतल्याही निम्म्यांना कळत नसावी. पण ती चाल अंगात मुरलेली आहे. एकानं सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, एक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणायचं, आणि मधल्या श्वासाला रेबेकनं भरून काढायचं. अगदी शेवटी शेवटी येतं 'रेजिना पासिस'. शांतीची राणी. त्याचा अर्थ मला फार पूर्वी आमच्या शेजारणीनं सांगितला होता.

लादाईन झाली. मग कोंकणीतून मागणी झाली. दुखणाइतांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, पाऊस वेळेवर पडू दे म्हणून, तारवटींसाठी. तारवटींसाठी म्हणताना सगळ्यांचे आवाज जरा चढले, कारण आमच्या वाड्यावर घर सोडून दर्यावर गेलेला माणूस नाही असं घर शोधावं लागेल. आणि सगळ्यांत शेवटी, चण्यांची पातेली हलायला लागल्यावर, 'संवसारांत शांती नांदूं दी'. सगळे 'आमेन' म्हणाले आणि रांग धरली.

कागदाच्या पुडीतले चणे आणि खोबऱ्याचे काप खात मी उभा होतो. शेजारी एक तारवटी होता, सुट्टीवर आलेला, माझाच जुना विद्यार्थी. हातात उर्राकाचा पेला. सहज विचारलं, आता कुठे जाणार जहाज. त्यानं मोबाईल काढून नकाशा दाखवला. बोट अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून खाली केपपर्यंत जात होतं. "मास्तर, तांबड्या दर्यांतल्यान वचपाचें सोडलां आमी. धा-बारा दीस चड लागतात, पूण जिवंत पावतात." मग त्यानं ट्रू कॉन्फिडन्स ह्या जहाजाचं सांगितलं. ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र त्यावर पडलं. तीन खलाशी मेले, दोघे फिलिपिनी, एक व्हिएतनामी. बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकातानं उचललं. हा सांगत होता तो चेहऱ्यावर काही न दाखवता, जसं आपण गावातल्या अपघाताचं सांगतो. मेलेले त्याच्या ओळखीचे नव्हते. पण तो म्हणाला, डेकवर त्या वेळी काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे.

घरी आलो आणि विचार करत बसलो. आम्ही आत्ताच तारवटींसाठी मागितलं आणि जगाच्या शांतीसाठीही मागितलं. दोन्ही मागण्यांच्या मधोमध येमेन पडलेलं होतं आणि त्याचं नाव कोणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, लादाईन ही शेकडो वर्षांची, तिच्यात असलं रोजच्या बातम्यांतलं कुठे घालायचं. मलाही तसंच वाटायचं. पण रिकामा वेळ होता, म्हणून 'रेजिना पासिस'चा माग काढला. ही ओळ शेकडो वर्षांची नाहीच. पहिलं महायुद्ध चालू असताना पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनी ती घातली. आधी युद्धापुरती म्हणून परवानगी दिली, मग ५ मे १९१७ च्या पत्रानं कायमची केली. त्या वेळी पोर्तुगाल युद्धात उतरून वर्ष झालं होतं. त्याचे शिपाई फ्लँडर्सच्या चिखलात होते आणि मोझांबिकच्या उत्तर सीमेवर जर्मनांशी लढत होते. गोवा त्याच झेंड्याखाली. म्हणजे ज्या ओळीला आपण पणजोबांच्या पणजोबांची समजतो ती एका चालू युद्धातून, तारीखवार, पोपच्या टेबलावरून आलेली आहे. शिवाय त्याच लादाईनीत 'ख्रिस्ती लोकांची मदत' अशीही एक ओळ आहे, आणि तिचा संबंध परंपरेनं १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी विजयाशी लावतात. विजयाची ओळ आणि शांतीची ओळ, दोन्ही एकाच चालीत. माणसाचं असंच असतं, त्यावर मी काही बोलत नाही.

आणि हे थांबलेलंही नाही. २० जून २०२० ला पोप फ्रान्सिस ह्यांनी लादाईनीत तीन नवी नावं घातली. त्यांतलं एक आहे 'सोलाशियुम मिग्रांतियुम', घरदार सोडून निघालेल्यांचा दिलासा. आमच्या वाड्यावर ते अजून म्हणत नाहीत, कारण मेस्ताची वही त्याच्या बापाच्या हातची आहे. वही बदला असं मी म्हणत नाही. त्या वहीचं अक्षर मी पाहिलंय, तशी वही जपायची असते. पण पोपला चालतं ते वाड्याला का चालू नये, एवढंच.

खरं तर नाव घेऊन मागणं ही आपल्या मातीची जुनी रीत आहे. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते तुम्ही ऐकलंच असेल. गाऱ्हाणं घालणारा कधी 'सगळ्यांचं भलं कर' एवढं म्हणून मोकळा होत नाही. तो आधी देवांना नावानं हाका मारतो, सीमेवरच्या राखणदारापर्यंत. मग कोणाचं लेकरू, कुठल्या घरातलं, काय घडलं, काय चुकलं, हे बैजवार सांगतो, आणि दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुमचं 'ओरा प्रो नोबिस' आणि आमचं 'व्हय म्हाराजा', चाल वेगळी पण बसायची जागा एकच. शिवोलीच्या जागराला (रात्रीच्या लोकनाट्याला) नाताळानंतर जाऊन बघा, तिथल्या नमनात आमचे देव आणि तुमचे संत एकाच दमात येतात. आणि देवाला नाव-गाव सांगावं लागतं का, तो सर्वज्ञ नाही का, असं कोणी विचारलं तर माझ्या आजीचं उत्तर होतं, त्याला ठाऊक असतं रे, आपल्याला ठाऊक आहे की नाही ते तो बघतो.

(तुमची शांतीची राणी आणि आमची कवळ्याची शांतादुर्गा, जिनं भांडणाऱ्या शिव-विष्णूंना दोन हातांना धरून वेगळं केलं, ह्यांची सांगड घालायचा मोह गोव्यात प्रत्येक लिहिणाऱ्याला होतो. मलाही झाला. एका कंसापुरता तो पुरे.)

कोणी उलटून विचारील, मास्तर, शाळेत तुम्ही पस्तीस वर्षं पसायदान म्हणवून घेतलंत, त्यात तरी कुठल्या गावाचं नाव आहे? नाही. ते अख्ख्या विश्वासाठी आहे आणि त्याच्या तोलाचं दुसरं मला माहीत नाही. पण खरं सांगायचं तर त्या पस्तीस वर्षांत पसायदान म्हणताना बहुतेक पोरांचं लक्ष घंटेकडे असायचं, आणि कधी कधी मास्तरांचंही.

नाव घेतल्यानं काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलंय. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. आमच्या वाड्यावरचे सहाजण तेव्हा तिथं होते. फोन फक्त नाक्यावरच्या दुकानात, आणि कुवेतला तर लागतच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू झाला, आज ह्या घरी, उद्या त्या घरी. आमच्या शेजारणीकडे पाळी होती त्या दिवशी मी पहिल्यांदा गेलो, खरं तर बातमी काय आली ते ऐकायला. दहा मणी झाले की ती थांबायची आणि एक नाव घ्यायची. नुसतं माणसाचं नव्हे. तो राहतो कुठे, काम काय करतो, सगळं. साल्मियातला, गाड्यांच्या गॅरेजमधला. फर्वानियातला, बेकरीतला. हवल्लीतला, म्हणजे तिचा स्वतःचा नवरा, एका कुवेती घरात स्वयंपाकी. तेर्सामुळे मला कुवेत शहराचा नकाशा पाठ झाला. शाळेत भूगोलाच्या तासाला मी तो फळ्यावर काढायला लागलो आणि हेडमास्तरांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे आहे.

सरकारनं विमानं लावली. अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले. शेजारणीचा नवरा सप्टेंबरच्या अखेरीस आला. बसरा, बगदाद, मग वाळवंटातून अम्मान. एक पिशवी, त्यात एक पांघरूण आणि मालकाच्या घराच्या चाव्या. चाव्या कशाला आणल्या, तर मालकीण म्हणाली होती, परत येशील तेव्हा दार उघडायला लागतील. ह्या चाव्या शेजारणीनं आल्तारावर सायबिणीच्या पायाशी ठेवल्या. वाड्यावरचे सहाही जण पोचले, तेर्स थांबायला हरकत नव्हती. तिच्या घरचा थांबला नाही. हवल्लीतल्या त्या मालकिणीचं नाव, जे तिला धड उच्चारताही येत नव्हतं, ती फेब्रुवारीपर्यंत, कुवेत सुटेपर्यंत, रोज घेत होती. मालकीण मुसलमान. शेजारणीनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

आता ती शेजारीण नाही. आणि तसा तेर्स मी परत ऐकला नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांचं एक मला फार पटलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात गाझात युद्ध पेटल्यापासून ते तिथल्या होली फॅमिली चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. गाझातलं ते एकमेव कॅथोलिक चर्च, आवारात शेकडो माणसं आसऱ्याला. जगाच्या शांतीवर ते रविवारी खिडकीतून बोलायचेच, पण फोनवर विचारायचे काय, तर आज काय जेवलात. २१ एप्रिल २०२५ ला ते गेले, त्याच्या एकदोन दिवस आधीपर्यंत फोन चालू होता. त्याच चर्चवर १७ जुलै २०२५ ला तोफेचा गोळा पडून तिघे मेले. फोनमुळे काही थांबलं नाही, हे मलाही दिसतं. तरी 'आज काय जेवलात' ही प्रार्थना नाही असं मला कोणी पटवून द्यावं.

हे सगळं मी आमच्या ओळखीच्या एका विगाराला सांगितलं. भला माणूस, माझ्याहून बराच लहान. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "मास्तर, नांव घेतलें काय राजकारण जाता (होतं). एकल्याक बरें दिसता, दुसऱ्याक वायट." त्याचं चुकीचं नाही. इगर्जीत चारशे माणसं बसलेली, त्यांतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळी बातमी. एक नाव घेतलं की दुसरं का नाही घेतलं म्हणून मीस (चर्चमधली उपासना) सुटल्यावर दारात धरतात. म्हणून मग 'सगळा संवसार'. त्यात कोणीच दुखावत नाही.

पण फादर, कोणी दुखावू नये म्हणून केलेली प्रार्थना दुखणाऱ्यापर्यंत पोचायची कशी?

मणिपूरचं घ्या. ३ मे २०२३ ला तिथं मैतेई आणि कुकी-झो ह्या दोन समाजांत पेटलं. अडीचशेहून जास्त माणसं मेली, साठ हजारांच्या आसपास घराबाहेर पडली आणि त्यांतली कित्येक अजून छावण्यांत आहेत. बिशपांच्या परिषदेनं २ जुलै २०२३ हा मणिपूरसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, तेव्हा तुमच्याकडे नाव घेतलं गेलं. चांगलं झालं. पण ते कसं घेतलं गेलं? मी ऐकलं त्याचा सूर असा, की तिथं आपली माणसं मरताहेत. आमच्याकडच्या गप्पांतही हाच सूर होता, फक्त 'आपली' म्हणजे दुसरी. कुकी बहुतेक ख्रिस्ती, मैतेई बहुतेक हिंदू, म्हणजे दोन्हीकडे हिशेब तयार. प्रत्यक्षात तिथं चर्चेस जळाली, देवळं जळाली, आणि मैतेई ख्रिस्ती लोकांचीही चर्चेस जळाली, ज्यांना ह्या हिशेबात कुठे बसवायचं ते कोणालाच सुचत नाही. तेव्हा नाव घ्यायचं तर दोन्ही घ्यावीत. कुकींचं चुडाचांदपूरही आणि मैतेईंचं इंफाळही. मग राजकारण होणार नाही असं नाही, पण ते कोणा एकाच्या बाजूचं होणार नाही. आणि वर्षातून एकदा बिशपांनी सांगितलं म्हणून नव्हे. छावणीतला माणूस तीनशे पासष्ट दिवस छावणीत असतो.

प्रार्थनेनं काय होतं, असं विचारणारे आमच्यातही आहेत, तुमच्यातही असतील. त्यांच्यासाठी लांबची दोन उदाहरणं. जर्मनीत लायप्झिगच्या सेंट निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीची प्रार्थना व्हायची, सुरुवातीला मोजकी माणसं. ९ ऑक्टोबर १९८९ ला तिथून निघालेल्या लोकांत शहरातले सत्तर हजार सामील झाले, समोर हत्यारबंद पोलीस होते आणि गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत गेली. हातात मेणबत्त्या होत्या. मेणबत्तीला दोन हात लागतात हे फणसाखाली मलाही कळलं होतं. एकात मेणबत्ती, दुसरा वाऱ्याला आडवा, दगड उचलायला हात उरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे, मोझांबिकचं. लोरेन्स मार्क आणि बैरा ही तिथल्या शहरांची नावं गोव्यात किती घरांत अजून निघतात ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या गावात 'आफ्रिकनांचें घर' म्हणतात ते त्यातलंच. पोर्तुगीज गेल्यावर तिथं सत्तेवरची फ्रेलिमो आणि बंडखोर रेनामो ह्यांच्यात सोळा वर्षं यादवी चालली. ती मिटवली कोणी? रोममधल्या सांत एजिदियो नावाच्या प्रार्थनामंडळानं, ज्याचं ठाणं एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आहे आणि जे रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना करतं. बैराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्विस मध्यस्थांत होते. दोन्ही पक्षांना एका टेबलावर बसवून सत्तावीस महिने बोलणी झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला, असिसीच्या सान फ्रान्सिस्काच्या (संत फ्रान्सिसच्या) फेस्ताच्या दिवशी, सह्या झाल्या. ह्या लोकांनी काही 'जगात शांती' एवढंच मागितलं नव्हतं. त्यांच्याकडे मोझांबिकचा बिशप येऊन बसला होता, त्यानं तिथं काय चाललंय ते सांगितलं, आणि तिथून हे सुरू झालं. आज त्याच मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून परत हिंसा चालू आहे. ज्यांच्या आजोबांनी तिथं कचेऱ्यांत खतावण्या लिहिल्या त्यांच्या इगर्जीत हे नाव एका रविवारी तरी यायला हवं की नको?

(सान फ्रान्सिस्काची म्हणून जी शांतीची प्रार्थना आपल्याकडे सगळीकडे गातात, शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा, ती त्यांची नव्हे. १९१२ साली पॅरिसच्या एका छोट्या मासिकात ती पहिल्यांदा छापून आली, खाली नाव नव्हतं. माझ्या मुद्द्याशी ह्याचा संबंध थोडाच आहे, पण मास्तराला कळलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आणि एक. लांबचं नाव घ्या असं तुम्हाला सांगतोय खरा, पण जवळचं घ्यायची माझी तरी कुठे छाती झाली? १९८६ च्या डिसेंबरात, राजभाषा कोंकणी की मराठी ह्या वादात, ह्याच गोव्यात सात माणसं मेली, कोंकणीवाल्यांची. मी तरुण मराठी मास्तर, कुठल्या बाजूला होतो ते सांगायला नको. त्या नाताळात मी कोणाच्या घरी कुसवार (नाताळचा फराळ) खायला गेलो नाही आणि कोणी पाठवलाही नाही. फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला. मे महिन्यात खुरसाला चुना लागला, लादाईन झाली, मी पडवीत बसून ऐकली. थोड्या वेळानं शेजारणीचा मुलगा फाटकातून आत आला. हातात पानात बांधलेले चणे. "मायन दिल्यात," म्हणाला आणि पळाला. एवढंच. म्हणून म्हटलं वर, एकही वर्ष चुकलेलं नाही. पण त्या सातांचं नाव मी आजवर कुठल्याच देवापुढे घेतलेलं नाही, आणि आमच्या इगर्जीतही ते आमच्यासारख्यांच्या कानावर पडेल असं कधी घेतलं गेलेलं नाही.

तर, येत्या १ जानेवारीपासून सुरुवात करा. तो दिवस तुमच्याकडे १९६८ पासून शांतीचा दिवस म्हणून पाळतातच, वेगळा मुहूर्त शोधायला नको. भावार्थ्यांच्या (भाविकांच्या) मागण्यांत एक मागणी एका गावाची. दर रविवारी एकच, नाहीतर त्याची बातमीपत्रिका होईल आणि लोक चुळबुळ करतील. वाचणाऱ्यानं नाव आधी दोनदा म्हणून बघावं, गावाचा उच्चार चुकला की त्या गावाचा अपमान होतो. तुमच्यातलं कोणी त्या भागात काम करतं, नर्स आहे, जहाजावर आहे, मिशनमध्ये आहे, तर त्याच्या आईनं वाचावं. आणि ख्रिस्ती माणसं मरतात तीच गावं निवडू नका. आमच्यासारखे शेजारी खुरसाकडे उभे असतात, आम्हालाही एक नाव सुचवायची मुभा असावी. लातीन आम्हाला येत नाही, पण 'ओरा प्रो नोबिस' आमचंही पाठ आहे.

नाताळानंतर आमच्या वाड्यावर त्या तारवटीच्या घरी लादाईन आहे. त्याचं जहाज फेब्रुवारीत सुटणार, त्याआधी आईनं बोललेली आहे. चण्यांना मदत करायला मी सकाळीच जाणार आहे. मेस्ताशी बोलून ठेवलंय, शेवटच्या मागणीला तो मला हाक मारणार. कागदाची चिठ्ठी खिशात तयार आहे. सुदानचं एल फाशेर. दीड वर्ष वेढा पडला होता, लोक जनावरांची पेंड खाऊन राहिले आणि २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान, आमच्या वाड्यावरचं तिथं कोणी नाही. हवल्लीतल्या त्या बाईसारखंच. मेस्तानं विचारलं, "मास्तर, फाशेर काय फशेर?" फाशेर. 'फा' लांब, आणि ओठ दाताला टेकवून. चार दिवस म्हणून बघतोय.

आपला,
खुरसासमोरच्या घरातला मास्तर